दाराजवळचा माणूस

डॉक्टर मेबरींनी सुई हातात घेतली आणि नेमका तेव्हाच बाहेरच्या खोलीतल्या रेडिओवर एझ्रा पेटिग्रूचा कॉर्नेट वाजायला लागला. एझ्रा खुर्चीत आडवा होता, तोंड वासलेलं, गळ्याशी पांढरं फडकं बांधलेलं. आधी त्याला वाटलं, दात काढायच्या धसक्यानं कानात काहीतरी होतंय. पण पियानोचे चार ठोके पडले आणि मागून तो आला, ट्रम्पेटचं ते बुटकं भावंड, लांबून, पलीकडच्या खोलीत कुणी वाजवत असावं तसा, आणि एझ्राच्या उजव्या हाताची तीन बोटं खुर्चीच्या दांडीवर आपोआप खालीवर व्हायला लागली. पस्तीस वर्षं झाली होती. बोटांना ते कुणी कळवलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत सूर वर चढत जातो, आणखी चढतो, आणि अगदी टोकाला गेला की फाटतो. फस्स करून हवा निसटते, सूर क्षणभर लोंबकळतो आणि पडता पडता पुन्हा सापडतो. ती जागा आली, गेली. तबकडी संपली आणि एक तरुण, गोरा, लोणी लावल्यासारखा आवाज म्हणाला, “ऐकलात तो फाटलेला सूर? आज कॉलेजातली पोरं आरशापुढे उभी राहून तो सूर फाडायला शिकतात आणि कुणालाही जमत नाही. कारण तो एकाच माणसाच्या छातीतून आला होता. बिशप टॅल्बर्ट, सेंट लुइसचा राजा. त्यांचा आवाज इतका दांडगा की तबकडी भरताना त्यांना खोलीच्या पार दाराजवळ नेऊन उभं करावं लागलं होतं. आज दुपारी तीनला मी त्यांच्या पत्नीच्या घरी जातोय, घर पाडलं जायच्या आत. त्यांचं बोलणं पुढच्या आठवड्यात तुम्हाला ऐकवीन. मी तुमचा वॉल्टर लिंडक्विस्ट.”

एझ्रानं डॉक्टरांचा हात बाजूला सारला आणि उठून बसला.

“पेटिग्रू, हलू नका.”

“आज नको.”

“तीन वेळा ‘आज नको’ झालंय तुमचं. हिरड्या पार गेल्यात. तो पुढचा दात तर नुसता सवयीनं उभा आहे. पाव खाताना गिळाल एक दिवस.”

“पाचपर्यंत असता ना तुम्ही?”

“असतो. पण कळू तरी द्या, झालं काय?”

“येतो पाचला,” एझ्रा म्हणाला आणि गळ्याचं फडकं काढून त्यानं डॉक्टरांच्याच हातात ठेवलं.

रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण जवळजवळ धावतोय. दात काढायची भीती नव्हे, राग. असा राग त्याला किती वर्षांत आला नव्हता. येत असेल, पण गिळायची सवय लागली होती. ऑलिव्ह स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानात तो अठरा वर्षं लिफ्ट चालवत होता, पांढरे हातमोजे घालून, आणि महिन्यातून एकदा तरी कुणी गोरा पोरगा लिफ्टमध्ये हीच धून शिट्टीवर घ्यायचा. त्या जागेपाशी आला की ओठ मुडपून फुस्स करायचा आणि सोबतच्या पोरीकडे बघून हसायचा. एझ्रा म्हणायचा, “चौथा मजला. बायकांचे कपडे, टोप्या.” बस, एवढंच. अरे बाबांनो, कुणाचं तोंड उसनं घेऊन फिरताय, असं एकदा तरी विचारायचं होतं. नाही विचारलं. आणि आज हा लोण्याचा गोळा म्हणतो, छातीतून आला. बिशपच्या छातीत त्या सकाळी कफ होता आणि पोटात आदल्या रात्रीची जिन. सूर कुठून आला ते एझ्राच्या जिभेला पक्कं माहीत होतं. चालता चालता त्यानं जीभ तिथे नेली. वरचा पुढचा, डावीकडचा, खालून तिरपा तुटलेला दात. हलला. पण होता अजून जागेवर.

तो तुटला तेव्हा एझ्रा सतरा वर्षांचा होता. सतरा सालचा जुलै. नदीपलीकडे गोऱ्यांच्या जमावानं आपल्या काळ्या लोकांची घरं पेटवली होती आणि बायापोरं, म्हातारेकोतारे हाताला लागेल ते उचलून पुलावरून या काठाला पळत होते. आई सांगत होती, गादी उचल रे, गादी, आणि यानं बाजा उचलला. पुलाच्या तोंडाशी कुणीतरी भिरकावलेली अर्धी वीट त्याच्या तोंडावर बसली. भिरकावणाऱ्याचा चेहरा आठवत नाही, हसणं आठवतं. आई वाचली, गादी गेली, दाताचा तुकडा गेला. ओठ पंधरा दिवस सुजून होता, आणि पुन्हा कॉर्नेट तोंडाला लावला तेव्हा अगदी वरच्या सुराला त्या फटीतून हवा निसटायला लागली. फस्स. तो सूर फाटतो तो असा फाटतो. त्यात छाती नाही, आरसा नाही, राजा नाही. वीट आहे वीट. जा म्हणावं, शिका आरशापुढे.

मार्केट स्ट्रीटची एक बाजू भुईसपाट झाली होती. उरलेल्या घरांच्या दारांवर नगरपालिकेनं लाल रंगात आकडे घातले होते आणि पलीकडे ते पिवळं यंत्र धडधडत विटांचे ढीग पुढे ढकलत होतं. खोलीवर जाऊन कॉर्नेटची पेटी घेऊन परत येताना एझ्रा प्लुटो हॉलच्या जागेवर थबकला. थबकला म्हणजे काय, एका खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. इथे रात्री अकराला दिवे लागायचे आणि दारूबंदीच्या त्या दिवसांत चहाच्या कपातून जिन प्यायली जायची. मोठ्या स्टेशनातले हमाल पाळी संपवून तशाच लाल टोप्यांनिशी नाचायला यायचे, बोटीवरचे खलाशी यायचे, तळलेल्या मासळीच्या वासात बायकांच्या अत्तराचा वास मिसळायचा, आणि सगळ्यांच्या वर, लाकडी चौथऱ्यावर, काळा लांब कोट घातलेला हॉरेस टॅल्बर्ट उभा असायचा. त्या कोटामुळेच लोक त्याला बिशप म्हणायचे. त्याच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे, एझ्रा. दुसरा कॉर्नेट. बिशपनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “दुसऱ्याचं काम काय, ठाऊक आहे? मी ओठ पुसायला बाजा खाली घेतला तरी खाली नाचणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. तू ऐकू आलास की मेलास.” एझ्रानं ते मनावर घेतलं. इतकं मनावर घेतलं की झोपेतसुद्धा तो बिशपसारखा श्वास घ्यायला गेला असेल.

दुपारच्या तालमीला एक खेळ चालायचा. पियानोवरच्या ओडेसानं पाठ फिरवून बसायचं, दोघांपैकी एकानं वाजवायचं आणि तिनं ओळखायचं, बिशप की एझ्रा. तेव्हा ती बिशपची बायको झाली नव्हती, तेवीस-चोवीसची फटकळ पोरगी होती, आणि वाद्यवृंदातले निम्मे लोक तिच्यावर जीव टाकून होते. एझ्रा कुठल्या निम्म्यात होता ते विचारायलाच नको. ती चुकली की बिशप खदखदून हसायचा आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून एझ्रासाठी डुकराच्या नाकाचं सँडविच मागवायचा, कुरकुरीत, वरून लाल तिखट रस्सा. पहिले काही दिवस ती कधी बरोबर यायची, कधी चुकायची. मग चुकतच गेली. दर सँडविचबरोबर एझ्राची मान ताठ होत गेली. आपण नाहीसे व्हायला शिकलो, याचा त्याला गर्व होता. आता त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. नाहीसं होण्याचा गर्व. कुठल्या बाजारात विकतात रे असला गर्व?

आणि मग ती रात्र, चोवीस सालची. दक्षिणेकडून आलेल्या बोटीवरचा एक कॉर्नेटवाला प्लुटो हॉलच्या दारात उभा राहिला आणि त्यानं तिथूनच बिशपची धून बिशपच्या तोंडावर फेकली. अशा वेळी मागे हटायचं नसतं. मागे हटला त्याला दुसऱ्या दिवशी या रस्त्यावर कुणी न्हावी दाढीला बसवत नसे. दोघं मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत एकमेकांवर वाजवत राहिले, लोक टेबलांवर चढले, हमालांनी टोप्या उडवल्या. बोटवाला शेवटी बाजा काखोटीला मारून नदीकडे चालता झाला. बिशप राजा राहिला, पण वरचा ओठ पिकल्या टोमॅटोसारखा फुटला. आणि सकाळी नऊला फर्निचरच्या एका गोदामाच्या माडीवर तबकडीवाले वाट बघत होते. उत्तरेकडची कंपनी, मेणाच्या जाड चकत्या आणि भिंतीतून बाहेर आलेला भलामोठा पत्र्याचा कर्णा घेऊन चार दिवसांसाठी आलेली. बिशपनं महिनाभर अख्ख्या मार्केट स्ट्रीटला सांगून ठेवलं होतं. जिन्यात त्यानं एझ्राचं मनगट धरलं. ओठातून रक्त येत होतं आणि तो हसत होता. “तू माझ्या जागी उभा राहा.” “मी?” “या गोऱ्यांनी मला कधी पाहिलंय? यांना आपण दोघं सारखेच.” आत गेल्यावर कंपनीच्या माणसानं विचारलं, “यातला बिशप कोण? तो दांडगा वाजवणारा?” बिशपनं एझ्राकडे बोट केलं. त्या माणसानं एझ्राला खांद्याला धरून कर्ण्यापासून पंधरा पावलं मागे नेलं, थेट दारापाशी, कारण जवळून इतका मोठा आवाज आला की सुई मेणातून उडायची. “बिशप, इथून हलायचं नाही,” तो म्हणाला. आणि एझ्रा म्हणाला, “बरं साहेब.”

दोन शब्द. मी बिशप नाही, एवढं म्हणायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागला असता. पण तेव्हा मनात हे आलंच नाही. तेव्हा मनात आनंद होता, आणि हेच तर आज जास्त झोंबत होतं. बिशप कर्ण्याजवळ बाजा नुसता ओठांशी धरून उभा, न फुंकता, आणि एझ्रा दाराला पाठ लावून आयुष्यात वाजवलं नव्हतं तसं वाजवत होता. खाली उतरताना बिशपनं त्याचा दंड दाबला. “कुणाला कळायचं नाही. मलासुद्धा नसतं कळलं.” त्या वाक्यावर एझ्रानं तोंडाला कुलूप लावलं. सहा आठवड्यांनी तबकडी आली. कंपनीनं आपल्या मनानं तिला ‘बिशपचा आशीर्वाद’ असं नाव दिलं होतं. लोक रात्री चौथऱ्याजवळ येऊन म्हणायचे, बिशप, तो फाटका सूर होऊन जाऊ दे. बिशप हसून दुसरंच काहीतरी वाजवायचा. आणि तीन महिन्यांनी एका दुपारी त्यानं एझ्राला बाजूला घेतलं. “तुझा सूर माझ्यात मिसळत नाही रे हल्ली.” मेंफिसहून दुसरा माणूस आलासुद्धा होता. मिसळत नाही! ज्यानं स्वतःला पार विरघळवून टाकलं त्याला हे ऐकवलं. मग एझ्रा सात ठिकाणी गेला. सगळीकडे एकच, “छान वाजवतोस, अगदी बिशपसारखं. पण बिशप इथेच आहे की गावात.” पुढे कधीतरी त्यानं लिफ्टचे हातमोजे चढवले. बिशपला जाऊन आता एकवीस वर्षं झाली होती, आणि मेल्यावर तर तो जास्तच राजा झाला.

ओडेसाचं घर विटांचं, दुमजली, दारावर लाल सतरा. आत खोकीच खोकी. ती खुर्चीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

“ये, दार उघडंच आहे. दोन आठवड्यांनी दारच नसणार,” ती म्हणाली आणि मग तिनं मान वर केली. “एझ्रा पेटिग्रू. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून शेवटच्या प्रार्थनेआधी पळ काढतोस. आज चक्क घरी? कोण मेलं?”

“कुणी नाही. तो रेडिओवाला येतोय ना तीनला?”

“येतोय. लिंबाचं सरबत करून ठेवलंय. त्यांना काही प्यायला दिलं की ऐकतोय असा चेहरा तरी करतात.”

“त्याला सांग, ओडेसा.”

“काय सांगू?”

“उगाच वेड पांघरू नकोस. तू पियानोवर होतीस त्या सकाळी. दाराशी कोण होतं ते सांग.”

तिनं हातातली बशी गुंडाळून खोक्यात ठेवली. दुसरी घेतली. एझ्राला वाटलं, ही आता म्हणणार, माझी पाठ होती, मला काय दिसणार. तसं म्हणाली असती तर तो उलट्या पावली निघून गेला असता आणि रागाला एक सोयीचा पत्ता मिळाला असता.

“मला बघायची गरज कधी पडलीच नाही,” ती म्हणाली. “फुंकायच्या आधी तू श्वास घेतोस ना, तेव्हा त्या मोडक्या दातातून बारीक शीळ वाजते. दर वेळी. हॉरेसचा श्वास कसा, कोट झटकल्यासारखा. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला.”

“मग खेळात चुकायचीस ती?”

“उपाशी असायचास रे तू. हाडं मोजून घ्यावीत असा. मी चुकले की तुला खायला मिळायचं. आणि हॉरेसही खूश, पोराला काय घडवलंय म्हणून. माझं काय जात होतं?”

एझ्रा एका खोक्यावर बसला. काही क्षण त्याला राग कुणावर धरायचा तेच सुधरेना. आयुष्यात एकच गोष्ट आपल्याला पुरती जमली असं तो समजत आला होता, आणि ती कधी जमलीच नव्हती. तो नाहीसा झालाच नव्हता. पाठ फिरवून बसलेल्या एका पोरीला तो रोज दुपारी लख्ख ऐकू येत होता. हे कळून बरं वाटायला हवं होतं, आणि आत कुठेतरी वाटतही होतं, म्हणूनच तो जास्त भडकला. “आणि हे तू मला आज सांगतेस,” तो म्हणाला. “पस्तीस वर्षांनी. कपबशा भरता भरता.”

“तू कधी विचारलंस? माझा तर नवरा होता तो, म्हणून मी मूग गिळून बसले. तू कुणासाठी गप्प होतास?”

याचं उत्तर एझ्राकडे होतं. मलासुद्धा नसतं कळलं, या तीन शब्दांसाठी. पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. तो पेटीची कडी उघडत, बंद करत राहिला.

“ऐक,” ओडेसा म्हणाली. तिचा आवाज खाली आला. “तबकडी आल्यावर लोक त्याच्याकडे तो सूर मागायला लागले. आठवतं? तो रोज सकाळी स्वयंपाकघरात दार लावून बसायचा. तासन्‌तास. सूर नुसता स्वच्छ निघायचा, लखलखीत, आणि तो चरफडायचा. एक दिवस मी आत गेले तर माझ्या हातआरशात बघून, लोखंडाची कानस घेऊन दात घासत होता. चांगला, धडधाकट दात. रक्तानं शर्ट भरलेला. तरी नाही निघाला तो सूर. त्याच आठवड्यात त्यानं तुला काढलं.”

“मला म्हणाला, सूर मिसळत नाही.”

“खरंच बोलला. तुझा त्याच्यात मिसळायचा. त्याचा तुझ्यात मिसळेना.”

बाहेर यंत्र धडधडलं, खोक्यातल्या बशा किणकिणल्या. एझ्राच्या डोळ्यांपुढे कानस धरलेला बिशप आला आणि त्याला दया यायला लागली. दया आली की राग विरतो, आणि राग विरला तर आज हातात काहीच उरणार नव्हतं. त्यानं ती दया झटकून टाकली. स्वतःचा दात घासायला धजला, पण एकदा तोंड उघडून ‘हा एझ्रानं वाजवलाय’ म्हणायला नाही धजला. एवढा मोठा राजा.

“सांगते आज,” ओडेसा म्हणाली. “तो गेला, घरही चाललं. आता झाकायला छप्पर तरी कुठे राहतंय?”

लिंडक्विस्ट तीनला पाच मिनिटं कमी असताना आला, तिशीचा, चष्मेवाला, हातात टेप मशीनची जड पेटी. माणूस वाईट नव्हता. दारातच टोपी काढली, “मिसेस टॅल्बर्ट” म्हणून वाकला, खोक्यावर बसू का विचारलं. ओडेसानं एझ्राची ओळख करून दिली तेव्हा त्याचा चेहरा उजळला. “दुसरा कॉर्नेट! म्हणजे तुम्ही हयात आहात, एझ्रा!” ओडेसा मिसेस टॅल्बर्ट, आणि तिच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान असलेला हा नुसता एझ्रा. मग फीत फिरायला लागली आणि ओडेसानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. फुटलेला ओठ, जिना, दार, दात. लिंडक्विस्ट सरबताचा पेला हातात धरून ऐकत होता, मान हलवत होता, आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू ती माया दाटून आली जी माणसं म्हाताऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी राखून ठेवतात.

“किती सुंदर गोष्ट आहे,” तो म्हणाला. “पण काय आहे ना, तबकडी भरणाऱ्या त्या गृहस्थांचं पत्र आहे माझ्याकडे. ते लिहितात, मी स्वतः बिशपचा खांदा धरून त्यांना दाराजवळ नेलं, नावानं हाक मारली आणि त्यांनी ओ दिली. आता याहून पक्का पुरावा कुठला? इतक्या वर्षांत आठवणी एकमेकींत मिसळतात, मिसेस टॅल्बर्ट. होतं असं.”

एझ्रानं पेटी उघडली. तो उठला आणि खोलीच्या दारापाशी जाऊन, दाराला पाठ लावून उभा राहिला. ओडेसाचा पियानो केव्हाच विकला गेला होता. तिनं खोक्यावर बोटांनी चार ठोके दिले. कॉर्नेट ओठांवर टेकला तशी हिरडीतून कळ निघून थेट डोळ्यात गेली. त्यानं श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःलाही ती ऐकू आली, बारीक शीळ, किटलीला उकळी फुटायच्या आधी येते तशी. मग तो वाजवायला लागला. पहिली फेरी अडखळत गेली. दुसरीत त्याला पूल दिसला, गादी दिसली, चौथ्या मजल्यावरच्या टोप्या दिसल्या, आणि हे सगळं तो वर नेत गेला, आणखी वर, दात मुळातून लवला, तोंडात रक्ताची खारट चव आली आणि टोकाला जाऊन सूर फाटला. फस्स. लोंबकळला. सापडला.

लिंडक्विस्टनं चष्मा काढून डोळे पुसले. “हुबेहूब,” तो म्हणाला. “देवाशपथ, डोळे मिटले तर बिशपच. त्यांनी तुम्हाला किती तयार केलं होतं, एझ्रा! कार्यक्रमात हे नक्की लावणार. ‘बिशपचा साथीदार बिशपची आठवण काढतो.’ फक्त सुरुवातीला एक शिट्टीसारखा आवाज आलाय, तो काढून टाकीन. गंमत म्हणजे मूळ तबकडीवरही तसलीच खरखर होती. परवाच नव्या प्रतीसाठी आम्ही ती साफ केली.”

ओडेसा ताडकन उठली. “साफ केली म्हणजे? तोच तर आवाज. तोच तो, तुम्हाला सांगतेय काय मघापासून?”

“सुईची घासण असते ती, मॅडम. जुन्या मेणात असं खूप असतं.”

एझ्रा दारातच उभा होता. त्याच्या हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला होता आणि तो पुसायचं त्याला भान नव्हतं. पस्तीस वर्षं घशात अडकून राहिलेलं वाक्य त्यानं आता, त्याच जागी, दाराला पाठ लावून, एका गोऱ्या माणसाकडे बघून सावकाश म्हटलं.

“मी बिशप नाही.”

“नाही, अर्थातच नाही,” लिंडक्विस्ट हळुवारपणे म्हणाला. “तसं कुणाला होता येणार?”

ओडेसानं पुढे होऊन त्याच्या हातातला अर्धा भरलेला पेला काढून घेतला. “सरबत संपलं, मिस्टर लिंडक्विस्ट,” ती म्हणाली आणि तो मशीन गुंडाळून, गोंधळून, आभार मानत निघून जाईपर्यंत ती पेला तसाच धरून उभी राहिली. मग तिनं एझ्रापुढे रुमाल केला. बोलण्यासारखं होतं ते आता फितीवरून पुसलं जाणार होतं, आणि उरलेलं दोघांना माहीतच होतं.

साडेचारला तो पुन्हा डॉक्टर मेबरींच्या खुर्चीत होता. डॉक्टरांनी तोंडात डोकावून भुवया उंचावल्या, कुणाशी मारामारी केलीत का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सुई टोचली. ओठ बधिर झाला, मग नाक, मग गाल. या ओठांनी आता पुन्हा काही वाजणार नाही हे एझ्राला ठाऊक होतं, आणि राग अजून जागच्या जागी होता, कमी झाला नव्हता, फक्त तो आता कुणाला दाखवायचा नव्हता. डॉक्टरांना फार जोर लावावा लागला नाही. चिमटा फिरला आणि दात पत्र्याच्या भांड्यात टण्‌कन पडला. डॉक्टर ते भांडं उचलून कचऱ्याच्या डब्याकडे वळले तशी एझ्रानं त्यांची बाही धरली.

“तो द्या इकडे.”

“हा? काय करायचाय? सडका आहे, मोडका आहे. कशाला हवाय?”

एझ्रानं हात पुढे केला. तोंडात कापूस होता, पुढे फट पडली होती, शब्द नुसतेच फस्स करून बाहेर आले आणि डॉक्टरांना कळले नाहीत. म्हणून त्यानं कापूस काढला, रक्त गिळलं आणि पुन्हा म्हटलं.

“माझा आहे.”